बारा थाळ्या

१

मास्तर, ट्रंक अशी भितीला लावा आन् टेका निवांत. किनवटच्या गाडीला अजून दोन घंटे हायेत. टेसनमास्तर काई बी सांगू दे, चाळीस वर्सं मी ह्या फलाटावर न्हाई पर पंचवीस तर काढलीत, माझं ऐका. आता ओझं उचलत न्हाई, नुसता हमालाचा बिल्ला लावून बसतो.

तुमी म्हणलात, किनवटच्या पुढं वसतिगृहावर नेमणूक झाली, साठ लेकरं सांभाळायची. ते ऐकलं आन् म्या बिडी इजवली. तुमाला एक गोष्ट सांगायची हाय. भुताखेताची न्हाई. भुतानं लेकरांना कुलपात घातल्याचं म्या कदी ऐकलं न्हाई. पर ती आठवली की ह्या उन्हाळ्यात बी माझे तळवे गार पडतेत, हे बगा, हात लावून बगा. आन् गोष्ट सरली की एक काम सांगणार हाय. करायचं का न्हाई ते तुमी मंग ठरवा.

निजामाचं राज व्हतं. पोलीस ॲक्शनच्या सा-सात वर्सं अगुदर. कंधारपासून दोन कोसांवर, लातूरच्या वाटेला एक जुनी दगडी पागा व्हती. घोडे कवाच गेलते, भितीतल्या कड्या तेवढ्या राहिल्या. सरकारानं तिथं शिफाखाना केला. कागदावर शिफाखाना, लोकांच्या तोंडी येड्याची पागा. एका अंगाला मोठी माणसं. दुसऱ्या अंगाला लेकरं. आठ पोरं एका कोठीत, चार पोरी दुसऱ्या कोठीत. कुणाला मिरगी, कुणी मुकं, कुणी नुसतं हट्टी म्हणून सावत्र आईनं आणून टाकलेलं.

मी दगडोबा. लेकरांच्या अंगाचा पाहारेकरी. किल्ली माझ्या गळ्यात, झोपताना बी, आंघोळीला बी.

त्या दिवशी सकाळी पोरींच्या कोठीचं कुलूप म्या काढलं. कुलूप साबूत. कडी साबूत. झरोका एवढासा, त्यातून मांजर बी गेलं नसतं, वर गज. आन् आत तीनच पोरी.

सिंधु न्हाई.

बारा वर्साची पोर, पर अंगानं आठाचीच वाटायची, लांब येणी, मिरगीचे झटके येयाचे. झटका न्हाई तवा तुमच्या-माझ्यापेक्षा शानी. म्या घोंगड्या झटकल्या, गवत उचकटलं. शिवगंगा नावाची पोर कोपऱ्यात पाय पसरून बसली व्हती. तिला म्या गदगदा हालवलं, "सिंधु कुठाय गं?"

ती हसली. म्हणली, "सिंधुचं म्या खाल्लं."

माझ्या अंगावर काटा आला, मास्तर. येडी पोर, दात काढून म्हणते, सिंधुचं म्या खाल्लं.

आन् तेवढ्यात फाटकावर घुंगरं वाजली. मुन्सिफाचा, कंधारच्या कोर्टाच्या सायेबाचा, माणूस आला व्हता. नेमका त्याच दिवशी.

२

तो का आला व्हता ते सांगतो, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई.

त्या साली हैद्राबादेहून नवा कायदा निघालता, अशा घरांसाठी. दारोगा माधवरावांनी अंगणात उर्दूत वाचला, आन् मंग आमच्यासाठी मराठीत शिव्या घालत समजावला. डाक्टराची चिठ्ठी आन् मुन्सिफाचा शिक्का असल्याबिगर कुणाला कोंडायचं न्हाई. सोळाच्या आतल्या लेकरांना मोठ्यांत ठेवायचं न्हाई, साखळी तर घालायचीच न्हाई. तीन महिन्याला मुन्सिफाचा माणूस मुआयन्याला, तपासणीला येईल आन् एकेकाचं तोंड बगंल.

आन् शेवटचं कलम. कुणी पळालं, तर पाहारेकरी जिम्मेदार, त्याला कैद. कुणी मेलं, तर डाक्टर आन् मुन्सिफ येऊन मुडदा बगतील, पंचनामा करतील, तवर माती न्हाई. फक्त ज्याची बिमारी मुआयन्याच्या कागदावर अगुदर लिवलेली हाय, त्याच्या मौतीला पंचनामा न्हाई.

हे कलम ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

बैलांच्या धमनीतून उतरला तो मुन्सिफाचा पेशकार, कोर्टातला कारकून, बसलिंगप्पा. उदगीरचा. एवढासा माणूस, काळी टोपी, काखेत छत्री, गळ्यात लिंगाची डबी. संगं पोलिसाचा एक जवान. मोठ्यांच्या अंगातून कुणीतरी आरोळी ठोकली तशी पेशकारानं जवानाची बाहीच धरली.

"अय्यो शिवा! बांधलेले आहेत ना सगळे?"

"सायेब, तुमच्याच कायद्यानं बांधायची बंदी केली," दारोगा म्हणले.

"हां. कायदा बरोबरच आहे," पेशकार म्हणला आन् रुमालानं मान पुसली. "फक्त आज इथं मी आहे, म्हणून विचारलं."

जवान हसला. मी हसायच्या अवस्थेत नव्हतो. म्या सांगितलं, एक पोर न्हाई.

माधवराव दारोगा आधीच तापट. त्यांनी माझी गचांडी धरली. "हरामखोर! कुलूप तुझं, किल्ली तुझी! कुठं विकली पोरीला?"

"विकली न्हाई सायेब! आईची आण!"

"रात्री तिचं तोंड पाहिलं होतंस का?" पेशकारानं विचारलं. आवाज बारीक, पर सवाल सरळ.

"पाहिलं व्हतं," मी म्हणलो.

खोटं बोललो. का बोललो ते पुढं सांगतो. आता लाज वाटून राहिली.

जवानानं माझे हात मागं बांधले. पेशकार म्हणला, "दुपारपर्यंत पोर घावली नाही तर ह्याला कंधारला नेऊ. बाकीच्यांचा मुआयना करून घेऊ."

एकच माणूस माझ्या बाजूनं बोलला. मन्मथ, आमचा कंपोंडर. डाक्टर नांदेडहून महिन्याला एकदा येयाचा, बाकी दिवस मन्मथच डाक्टर. तोंडभर देवीचे वण, पर बोली साखरेची. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणला, "दगडोबा, भिऊ नगंस. मिरगीची पोर, भटकली असंल. मी सायेबाला सांगतो, तुझी चूक न्हाई."

त्या हाताला फिनेलचा वास येत व्हता. मला तवा तो देवाचा हात वाटला.

३

मला अंगणातल्या कडीला बांधलं, घोड्यासारखं. तिथून सगळं दिसत व्हतं.

सात पोरं रांगेत उभी केली. पेशकार एकेकाच्या म्होरं जायाचा, लांबूनच नाव इचारायचा, तोंड बगायचा, लिवायचा. एका पोरानं त्याची छत्री धरली तर छत्री सोडून मागं पळाला. पर तोंड सगळ्यांचं पाहिलं. कायदा म्हणला म्हंजे कायदा.

"आठवा?"

"पिराजी," मन्मथ म्हणला. "किनवटच्या रानातला, आठ वर्साचा. पायानं पांगळा. पर त्याचं तोंड बगू नगा सायेब. त्याला देवी आल्यात. आज चौथा दिवस."

पोरांच्या कोठीमागं एक आडखोली व्हती. दाराला लिंबाचे डहाळे बांधलेले. पेशकाराचं तोंड पांढरं फटक पडलं. नंतर कळलं, त्याची एकुलती एक पोरगी देवीनंच गेलती, दोन वर्सं झालती. लिंबाचा डहाळा दिसला की तो वाट बदलायचा.

"तुम्ही... तुम्ही कसे जाता आत?"

"मला येऊन गेल्यात," मन्मथानं गाल दाखवला. "ज्याला एकदा येऊन गेल्यात त्याला पुन्ना येत न्हाईत. दारातून बगा, सायेब. जीव हाय तेवढं बगा आन् लिवा."

मन्मथ फटाफटा वाहाणा वाजवत आत गेला, अंथरुणावरचं धडपं पायाकडून जरासं सरकवलं. दारातून पेशकारानं पाहिलं, मला बी दिसलं. एवढुसं अंग, भितीकडं तोंड, धडप्याखाली डोकं. धडपं हालत व्हतं, वर-खाली, लई हळू.

"श्वास हाय," मन्मथ म्हणला.

"आहे," पेशकार म्हणला आन् पळतच अंगणात आला. पर लिवलं न्हाई. टाक हातात धरून उभा राहिला, मन्मथाच्या पायांकडं बगत.

मला वाटलं, भ्याला बिचारा.

मंग त्यानं दारोगांना बाजूला घेतलं. "तुमच्या धोतराला ओला गंज लागला आहे, माधवराव. आणि मागच्या अंगाला राख आहे. काल काय जाळलंत?"

दारोगाची मिशी हालली. "जुन्या गाद्या. पिसवा झाल्त्या."

"आणि गंज?"

दारोगा धोतर झटकू लागले. घामानं डबडबले. माझ्या डोक्यात लख्ख पडलं, ह्यानंच! ह्यानंच पोर मारली, जाळली, आन् आता माझ्या गळ्यात फास. मी बोंबललो, "सायेब, आडात बगा! पहाटं आडात काईतरी धप्पदिशी पडल्याचा आवाज आलता!"

जवानानं गळ टाकला. गळ अडकला. दोघांनी मिळून ओढला, लई जड. पोरं बी वाकून बगू लागली. म्या डोळे मिटून घेतले.

४

वर आल्या त्या साखळ्या. बारा साखळ्या, लेकरांच्या पायाच्या मापाच्या.

माधवराव खाली बसले. "मुआयना आहे म्हणून टाकल्या," म्हणले. "कायदा महिन्यापूर्वी आला, आन् मी काल काढल्या. हे लिहून घ्या. पर पोरीचं मला ठाव न्हाई. लेकरांची आण."

पेशकारानं लिवून घेतलं. मला वाटलं, सुटलो असतो तर ह्या आडामुळं सुटलो असतो, आता गेलो. शिवगंगा आमच्याजवळून फिरत व्हती, तेच गाणं, "सिंधुचं म्या खाल्लं, सिंधुचं म्या खाल्लं." पेशकार तिला भिऊन खांबामागं झाला. पर ऐकत राहिला. मंग खांबामागूनच इचारलं, "काय खाल्लंस बाळ?"

"भाकर. आन् आंबाडी."

"कधी?"

"काल सांजच्याला. सिंधु नव्हती. मंग म्या खाल्लं."

पेशकार माझ्याकडं वळला.  नुसतं पाहिलं. मास्तर, त्या भित्र्या माणसाचे डोळे भित्रे नव्हते.

तेवढ्यात मन्मथानं हाक दिली, "सायेब, जेवून घ्या, मंग सही करा. दिवस मावळायच्या आत कंधार गाठायचं ना?"

भटारखाना अंगणातच व्हता. धुरपता आमची सैपाकीण. तिचा भाऊ उद्धव मोठ्यांच्या अंगात बंद व्हता, त्याच्यासाठी तिनं तिथं चाकरी धरली. उद्धवाचं औषध मन्मथाच्या हातात. म्हंजे धुरपताची जीभ बी मन्मथाच्या हातात.

काल सांजपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. त्या दिवशी तिनं पेशकाराला ताट वाढलं. वरणाच्या भगुण्यावर लसणाची फोडणी टाकली, आन् अशी टाकली की चर्रर आवाज पार आडापर्यंत गेला. पुन्ना टाकली. तिसऱ्यांदा टाकली. सगळं अंगण लसणानं भरलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं, तिनं पदर लावला.

मला वाटलं, बाई येडी झाली. मला घेऊन जायलेत, आन् हिला फोडण्या सुचतेत.

मन्मथ तिथंच बसलता, निवांत. त्याचं नाक फिनेलनं कवाच मेलं व्हतं, आन् ध्यान सगळं कागदावर.

पेशकारानं घास तोंडाजवळ नेला. थांबला. घास ताटात ठेवला.

आन् ताट बाजूला सारून चुलीकडं वळला.

५

"धुरपताबाई," तो म्हणला. "फोडणी कुणी सांगितली?"

"कुणी न्हाई." तिनं मान खाली घातली. "म्याच घातली."

"तुमच्या गावी घरात देवी आल्या तर फोडणी घालतात?"

"न्हाई सायेब. धा दिवस कढई चुलीवर चढत न्हाई. मिठाचं बी बघून. फोडणी दिली तर देवीला चटका बसतो, लेकराच्या डोळ्यांत फोड उतरतेत."

"हे तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही तीनदा घातली."

 मन्मथ उठला. "सायेब, अडाणी बाई हाय, तुमच्या खातिरीसाठी..."

"तुम्ही वाहाणा घालून आत गेलात," पेशकार म्हणला. त्याचा आवाज फाटत व्हता. "माझी पोरगी गेली तेव्हा आम्ही तेरा दिवस अनवाणी होतो. वैद्य आला तोही बाहेर जोडा काढून आला. ज्याच्या तोंडावर देवीचे वण आहेत तो माणूस देवीच्या दारात वाहाणा घालून जाईल? तुम्हालाही माहीत होतं. आत देवी नाही."

मन्मथ वाहाणांतले पाय मागं घेऊ लागला. 

मंग तो माझ्याकडं आला. "दगडोबा, पुन्हा एकदा विचारतो. काल सांजच्याला सिंधुचं तोंड पाहिलं होतंस?"

मास्तर, आता सांगतो. आमच्यात रीत अशी व्हती. दाराच्या खाली थाळीपुरती फट. सांजच्याला पोरांच्या कोठीत आठ थाळ्या सरकवायच्या, पोरींच्या कोठीत चार. जेवण झालं की रिकाम्या भाईर सरकवायच्या. मी मोजायचो. बारा गेल्या, बारा आल्या, की कुलूप वढून बगायचं आन् बिडी पेटवायची. दार उघडायचं न्हाई, तोंड बगायचं न्हाई. लेकरं रडतेत, हात धरतेत, "घरी कवा नेणार" इचारतेत. ते ऐकवत न्हाई, म्हणून थाळ्या मोजायच्या. समद्या पागेत हीच रीत. कुणाला त्यात काई वावगं वाटत नव्हतं.

"न्हाई पाहिलं सायेब," मी म्हणलो. "थाळ्या मोजल्या. चार आल्या."

"आणि पिराजीची?"

"ती मन्मथ आत न्यायचा, रिकामी आणून द्यायचा. तीन दिस ती बी मोजली."

माझंच बोलणं माझ्या कानात शिरलं. 

"काल दुपारी सिंधु कुठं होती?"

"औषधाला. समदी लेकरं एक-एक करून दवाखान्यात गेलती, मुआयन्याअगुदर डोस द्यायचा म्हणून. मन्मथानंच..." मी थांबलो.

"ती परत आलेली कुणी पाहिलं?"

कुणीच न्हाई. कोठीला कुलूप घातलं तवा ती आत नव्हतीच. कुलूप फोडायची गरजच काय? रिकाम्या जागेला म्या रातभर राखण केली.

धुरपता एकदम खाली बसली. "सायेब, काल दिवस मावळताना न्हाणीच्या चुलीतनं केसाचा वास आला. लई केसाचा. दारोगाच्या गाद्या तिकडं जळत व्हत्या, म्हणून कुणाला कळला न्हाई. म्या इचारलं तर मन्मथ म्हणला, उद्धवाचा डोस माझ्याच हातात हाय, इसरू नगंस." तिनं तोंडात पदर कोंबला. "बोलायची छाती नव्हती. म्हणून फोडणी घातली. म्हणलं, कुणाच्या तरी नाकाला कळंल."

पेशकारानं आडखोलीकडं पाहिलं. लिंबाचे डहाळे हालत व्हते. त्यानं पायातले बूट काढले. का काढले म्हणता? त्यानं आत्ताच सांगितलं व्हतं की देवी न्हाई. पर भ्या काय सांगण्यानं जातं व्हय? त्याचे दात वाजत व्हते, मला हितं कडीपर्यंत ऐकू आले.

मन्मथ दारात आडवा झाला. "सायेब, तुमच्या घरी लेकरं असतील. आत जाऊ नगा."

"होती," पेशकार म्हणला. "सरका."

६

जवानानं मन्मथाला धरलं. पेशकार आत गेला. मी जागेवरून बगत व्हतो. त्यानं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्ना पुढं केला. डोळे मिटले आन् धडपं वढलं.

ताजं भादरलेलं डोकं. वस्तऱ्यानं दोन जागी कापलेलं. अंगात पोराचा सदरा. चेहऱ्यावर एक पुळी न्हाई, नितळ.

सिंधु.

पेशकारानं तिच्या नाकाशी बोट धरलं. "आहे! अजून आहे!"

धुरपता चुलीवरनं पळत आली. मिठाचं पाणी पाजलं, उलटी करवली, पाय चोळले. मला बांधलेला दोर दारोगांनी स्वतःच्या हातानं सोडला, आन् जवानानं तोच मन्मथाच्या हाताला घातला. मी जाऊन पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. आन् तिचं तोंड पाहिलं, मास्तर. चार वर्सं तिची थाळी मोजली, आन् तिच्या भिवईत तीळ हाय हे मला त्या दिवशी कळलं.

पेशकार पायरीवर बसून एकेक गोष्ट बोलला, दमत-दमत.

"पिराजी चार दिवसांपूर्वीच गेला असणार. मेला म्हणून सांगितलं असतं, तर डाक्टर आला असता, मुन्सिफ आला असता, मुडदा पाहिला असता. पळाला म्हणावं, तर पोर पांगळा. मग देवी आल्या म्हणायचं, म्हणजे कुणी जवळ फिरकत नाही. पण कायद्याचं शेवटचं कलम. आजारी म्हणून माझ्या कागदावर नाव पाहिजे, आणि मला श्वास दिसला पाहिजे. म्हणून एक जिवंत लेकरू पाहिजे होतं, त्याच मापाचं. मी सही केली असती. उद्या देवीनं पिराजी मेला असता. पंचनामा नाही, तोंड कुणी पाहिलं नसतं. आणि पिराजी म्हणून पुरलं असतं..."

त्यानं वाक्य पुरं केलं न्हाई. गरजच नव्हती. सिंधु पळाली म्हणून मी कैदेत, पिराजी देवीनं गेला म्हणून मन्मथ मोकळा. दोन लेकरं, एक खड्डा, आन् कागद पांढरा सफेद.

"पर सिंधुच का?" दारोगांनी इचारलं.

तिनंच सांगितलं, दिवस कलल्यावर शुद्धीवर आली तवा. पिराजी रडायचा. त्याला आईपाशी जायाचं असायचं. दुपारी लेकरांना साखळीसकट अंगणात सोडायचे, तवा सिंधु त्याला घास भरवायला जायाची. चार दिवसांमागं बी गेलती. मन्मथानं निजायचं औषध आणलं. डाक्टरानं एक चमचा सांगितलता. त्यानं तीन पाजले, म्हणला, "आता मला बी झोपू दे." पिराजी निजला तो उठलाच न्हाई. सिंधुनं पाहिलं व्हतं, हे मन्मथाला ठाव व्हतं.

मन्मथ खाली मान घालून बसलता. एकदाच बोलला, "मारायचं नव्हतं हो. चुकून झालं." असंल बी. पहिलं चुकून झालं असंल. वस्तरा चुकून फिरत न्हाई.

पिराजी जमिनीतल्या जुन्या पेवात घावला, वैरणीखाली. म्या बाहेर काढला. एवढं हलकं लेकरू म्या पुन्ना उचललं न्हाई, आन् हमाल होऊन काय-काय उचललं तुमी बगताच.

७

मन्मथ जेलात गेला. दारोगांची नोकरी गेली. धुरपतानं मुन्सिफापुढं अर्ज करून भावाला घरी नेलं, नव्या कायद्याचंच कलम व्हतं ते. सिंधुला तिचा मामा घेऊन गेला, शेवटी ऐकलं तवा तिला तीन लेकरं व्हती. पेशकार जाताना मला म्हणला, "दगडोबा, कायदा मीच वाचला होता. त्यात लिहिलंय तोंड पाहा. मीही दारातूनच पाहून निघालो होतो." त्याची छत्री तिथंच राहिली. परत न्यायला आला न्हाई.

म्या नोकरी सोडली. कुणी काढलं न्हाई.

पिराजीची आई पायी आली, किनवटच्या रानातून, आठ दिस चालत. संगं सा वर्साची पोर. मातीचा ढीग पाहिला, बसली. मंग इचारलं, "त्याची थाळी कुठाय? मीच दिलती."

थाळी कोर्टात व्हती. म्या सांगितलं, ठाव न्हाई. ती गेली. वर्सानं कोर्टानं माल परत केला, थाळी माझ्या हाती आली. तवापासून माझ्यापाशीच हाय. न्यायची हिंमत झाली न्हाई. दिली तर सांगावं लागंल ना, की तुझं लेकरू मेल्यावर बी तीन दिस म्या त्याला जेवला म्हणून मोजला.

आई गेली, मागल्या साली कळलं. ती बारकी पोर, कावेरीबाई, आता तुमच्याच वसतिगृहात भाकरी बडवते. टेसनावर तिच्या गावचा माणूस भेटला, त्यानं सांगितलं. माझे गुडघे गेलेत, डोंगर चढवत न्हाई.

ही बगा. ॲल्युमिनची. काठाला खिळ्यानं टिटवी काढलेली हाय, पिराजीनंच काढली, एक पाय लांब आन् एक आखूड. दर इतवारी राखेनं घासतो.

घ्या मास्तर. गाडीनं शिट्टी दिली बगा, लवकर आली की. सांगा तिला, दगडोबा पाहारेकऱ्यानं दिली, आन् समदं सांगा, माझं खोटं बी सांगा. पर एक करा. सैपाकघराच्या दारात ठेवून येऊ नगा. आत जा. तिला नावानं हाक मारा. तिनं वर पाहिलं, तुमी तिचं तोंड पाहिलं, की मंगच हातात द्या.